अर्धी शिवी, पुरा उपास

"उंबऱ्याच्या आत शिवी आली, की त्या दिशी अन्नाचा घास घ्यायचा न्हाई. कुनी दिली, का दिली, इचारायचं न्हाई. आन् तुझ्या सोताच्या तोंडातनं गेली, तर बारा वर्सं पुन्ना पयल्यापासनं. बघ बाई, झेपतंय का."

लंकाबाईंनी हे सांगितलं तेव्हा चांगुणाबाई डोक्यावरून पदर घेऊन त्यांच्यापुढे बसल्या होत्या, आणि झेपेल की नाही याचा त्यांना काडीचा अंदाज नव्हता. लंकाबाई नात्याने चुलत सासू. गळ्यात माळ, एकादशीला निर्जळी, बोलणं वकिलासारखं नेमकं. चांगुणाबाईंनी एकच शंका विचारली, "चहा अन्नात धरायचा का?" लंकाबाईंना स्वतःलाच चहा लागायचा. त्या जरा थांबून म्हणाल्या, "चहा म्हंजे रंगीत पानी."

नेम का घ्यावा लागला, हे अख्ख्या नेवासा फाट्याला माहीत होतं. चांगुणाबाईंचे यजमान पुंजाराम फाटा ते नेवासा वडापची, म्हणजे माणसं भरून न्यायची, जीप चालवायचे. जीप डिझेलवर चालते की शिव्यांवर, असा प्रवाशांना प्रश्न पडायचा. घरी आल्यावरही इंजिन लवकर थंड होत नसे. नेम घेतल्यावर पहिल्या वर्षी चांगुणाबाईंना आठवड्यातले चार दिवस उपास पडले. पुंजाराम सुधारले ते देवाच्या भयाने नव्हे. समोर बायको मांडीवर हात ठेवून शांत बसलेली असताना त्यांच्या घशाखाली भाकरी उतरेना, एवढंच. मग त्यांनी शिव्यांच्या जागी भाज्या बसवल्या. "ए दोडक्या, गाडी आडवी कशाला लावतो?" "कुठल्या पडवळानं लायसन दिलं रं तुला?" बघता बघता फाट्यावरच्या बाकीच्या ड्रायव्हर मंडळींनीही भाज्या उचलल्या. शेवटी भाजीवालीने "दोडका घ्या, दोडका" असं ओरडायचं सोडलं. चार जण रागाने वळून बघायचे.

असा हा नेम अकरा वर्षं अकरा महिने निभावला. मधे लंकाबाई देवाघरी गेल्या. येत्या दत्तजयंतीला बारा वर्षं भरणार होती. उद्यापनाला अकरा मेहुणं जेवायला सांगून झाली होती, गुळाची ढेप येऊन पडली होती, आणि नेमकं अशा वेळी घरात इंग्रजी आलं.

ते आलं सुनेच्या पायाने. मुलगा हर्षल पुण्यात नोकरीला. लग्नाला पुरते सहा महिनेही झाले नव्हते, तोच कंपनीने त्याला चेन्नईला धाडलं. त्याची बायको पूजा घरी बसून कंपनीचं काम करणारी. ती म्हणाली, "एकटी पुण्यात राहण्यापेक्षा मी फाट्याला आई-बाबांकडे जाते." पोर गुणाची. तिचे वडील गुजरातेत साखर कारखान्यात केमिस्ट होते, आता निवृत्त होऊन राहात्याला राहायला आलेले. पूजाचं मराठी बोलणं हळू, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं. मराठीत तिच्या तोंडून वावगा शब्द यायचा नाही. पण कानाला ते यंत्र लावून ती इंग्रजीत शिरली, की इस्त्री मोडायची.

त्यात मोबाईलची रेंज घरभर कुठे येत नसे, ती यायची फक्त देवघराशेजारी. तेव्हा एका कोपऱ्यात देव आणि दुसऱ्या कोपऱ्यात लॅपटॉप, अशी मांडणी झाली.

पहिल्याच सकाळी पूजा पडद्याकडे बघून म्हणाली, "ओ शिट!"

चांगुणाबाई वाती वळत होत्या. त्यांना त्यात काही खटकलं नाही. वडापवाल्याच्या घरात हा शब्द मिठासारखा. शीट म्हणजे प्रवासी. 'तीन शिटा कमी हायेत, थांबा जरा', 'मागची शीट पुढं घ्या', हे त्या लग्न होऊन आल्यापासून ऐकत होत्या. त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुज्या कंपनीतबी शिटा भरल्याबिगर गाडी हालत न्हाई व्हय?"

पूजाने जीभ चावली. "सॉरी आई."

शिकलेल्या पोरी सॉरी फार म्हणतात, असं समजून चांगुणाबाईंनी पुढची वात घेतली. संध्याकाळी पुंजारामांनाही हे ऐकून बरं वाटलं. "सून घरान्याला शोभंल आशी मिळाली," ते म्हणाले.

हे सुख नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी शेजारची अर्शी विरजण मागायला आली. अर्शी कॉलेजात शिकणारी, अजीज सरांची नात. आत पूजाचा आवाज चढला, "शिट, शिट, शिट!" आणि अर्शीने ओढणी तोंडाला लावली.

"काय गं? तीन शिटा म्हनली ती."

"काकू," अर्शी हसू दाबत कुजबुजली, "ती शीट नाही. हा ऱ्हस्व आहे. शिवी आहे ती."

"ऱ्हस्व-दीर्घानं शिवी व्हती?"

"इंग्रजीत होते."

"आर्थ काय तिचा?"

अर्शीने कानात अर्थ सांगितला. चांगुणाबाई विरजणाची वाटी हातात धरून मटकन खाली बसल्या. नऊ दिवस! देवासमोर! आणि त्या दोन्ही वेळेला भाकरी खात होत्या, वर आदल्या दिवशी तर पुरणपोळी.

त्या दिवसापासून त्यांनी कान टवकारले. पण कान टवकारून काय करणार, इंग्रजी येत नव्हतं. मग त्यांनी एक साधी रीत धरली. पूजा जो शब्द जोरात म्हणेल, तो शिवी. पूजा कामात हुशार होती आणि हुशार माणसं बहुतेक शब्द जोरातच म्हणतात. चार दिवस चांगुणाबाई नुसत्या रंगीत पाण्यावर राहिल्या. पूजा एकटी उशिरा जेवायची. सासूबाई आधी जेवल्या असतील, अशी तिची समजूत.

पाचव्या दिवशी समई लावताना चांगुणाबाईंना भोवळ आली. पुंजारामांनी धरून बसवलं.

"तिला सरळ सांग की, बाई, तोंड आवर म्हनून. न्हाईतर मी सांगतो."

"तुमी चकार शब्द काढायचा न्हाई," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. पुंजारामांची खरी पंचाईत तीच होती. "लेकराला येऊन दोन आठवडं झालं न्हाईत. नेम माझा हाय, तिला कशाला त्याचं जोखड? आन् इचारायचं न्हाई हा नेमच हाय."

"मंग मर आशीच चहा पिऊन!"

"आवो, मी सरांकडं जाते. शिवी कंची आन् नुसता शबूद कंचा, येवढं कळलं तरी दोन घास खाता येतील. बाराच दीस राहिल्यात."

अजीज सरांनी नेवाशाच्या तीन पिढ्यांना इंग्रजी शिकवलेलं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी खुर्चीत बसून बोलताना ते मधेच उठून उभे राहत, मागे फळा असल्यासारखे. चांगुणाबाईंची अडचण त्यांनी डोळे मिटून ऐकली. पाच वेळची नमाज पढणारा माणूस, त्यांना नेम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. अडचण दुसरीच होती. शिव्या शिकवायच्या, आणि त्याही वहिनींना.

"वहिनी, पहिला मुद्दा," सर उठले. "स्लँग वेगळं आणि शिवी वेगळी. पुंजारामभाऊ प्रवाशाला शीट म्हणतात. हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"न्हाई."

"प्रवाशाला राग येतो?"

"राग कशाचा? जागा मिळाली म्हनून खूश आसतो."

"हे झालं स्लँग. चौकातला शब्द. आपल्या-आपल्यात चालतो, पेपरात लिहिला की मार्क कापायचे. मी पुष्कळ कापलेत."

"आन् शिवी?"

सर खोकले. चष्मा पुसला. "असं बघा. ज्या शब्दानं नुसतं व्याकरण उतरतं, ते स्लँग. ज्या शब्दानं समोरच्या माणसाचं तोंड उतरतं, ती शिवी."

चांगुणाबाईंना हे एकदम पटलं. त्यांनी कनवटीचा कागद काढला. पूजाचे शब्द त्यांनी ऐकू आले तसे लिहून आणले होते. सरांनी कागद हातभर लांब धरला.

"डूड. हे म्हणजे दोस्त. चालेल. ब्रो, म्हणजे भाऊ."

"ती बायामान्सांनाबी ब्रो म्हनती."

"मग व्याकरण उतरलं. तोंड नाही. चालेल. सिक. सिक म्हणजे आजारी."

"मंग तिचं समदं हापीस आजारी हाय सर. कुनी कायबी चांगलं केलं, की ही म्हनती सिक."

"दादाजान, सिक म्हणजे लई भारी!" अर्शी आतून ओरडली.

"कधीपासून?" सर खरोखरच हादरले.

"केव्हाचंच!"

 तीस वर्षं ज्या भाषेची राखण केली, तिने पाठीमागे घर बदलावं आणि पत्ता कळवू नये, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मग त्यांनी पुढचा शब्द घेतला. "यू किल्ड इट."

"ह्याच्यावर मी बुधवारी उपाशी राहिले. किल म्हंजे जीव घेनं, येवढं मला ठावं हाय."

"त्याचा अर्थ शाबास, काकू!"

"शाबासकीला जीव घ्येत्यात? मंग माझा बुधवार फुकट गेला की गं."

"ब्लडी," सर वाचू लागले. "हा साहेबाच्या अमलातला शब्द. तेव्हा जबर शिवी होती. आता म्हातारी झाली, दात पडलेत. डॅम. हा शब्द तिने किती वेळा?"

"लई येळा. म्हनून तर मी ह्यांना म्हनले, पोरीला येकदा भंडारदऱ्याला न्हेऊन आना, सारखी डॅम डॅम करती."

अर्शी दारातच खाली बसून हसायला लागली. सरांनी मिशीवर हात ठेवला, पण मिशीच हलत होती. मग त्यांची नजर शेवटच्या शब्दावर गेली आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

"हा एफवरून सुरू होणारा... हा कुणाला म्हणाली?"

"परवा लाईट गेली तवा. अंधाराला."

"एकदाच?"

"येकदाच. पर मनापासनं."

सरांनी बराच विचार केला. "शब्द घाण आहे, यात शंका नाही. पण अंधाराचं तोंड आधीच उतरलेलं असतं. माणसाला म्हटलं असतं तर पुरी शिवी. ही अर्धी."

"ते शिट?"

"तेही अर्धीच. ठेच लागल्यावर निघतं तसं आहे ते."

चांगुणाबाईंनी हिशेब मनात बसवला. "मंग आर्धा उपास. भाकरी न्हाई, भगर चालंल."

"ते तुमचं तुम्ही बघा. मी व्याकरणापुरता."

"काकू, तुमचा उपास म्हणजे सिग्नलच झाला," अर्शी म्हणाली. "लाल, पिवळा, हिरवा."

"गप ए मेले, सरांना बोलू दी."

सर जन्माचे मास्तर. शब्द कानावर पडला की त्याची फोड केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. "मेली," ते स्वतःशीच म्हणाले, "मृत झालेली स्त्री. त्याचं संबोधन मेले."

"बघा ना दादाजान! काकू रोज मला मेली म्हणतात आणि मी रोज येते!"

दोघंही मनमोकळं हसले. चांगुणाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

समोरच्याला मेला म्हणायचं. म्हणजे जिवंत माणसाचं मरण बोलायचं. अंधाराला नाही, लाईटला नाही, माणसाला. आणि हे त्यांच्या तोंडून दिवसातून वीस वेळा तरी जात होतं. मांजराला मेल्या, नवऱ्याला मेल्या, अर्शीला मेले. बारा वर्षं त्या दुसऱ्यांच्या तोंडावर पहारा देत बसल्या होत्या आणि चोर घरातच जेवत होता.

"अर्शे," त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "मी मेली म्हनते तवा तुझं तोंड उतरतं का गं?"

"काहीतरीच काय काकू! तुम्ही मेली म्हणाला नाहीत तर मला वाटेल तुम्ही रागावलात."

"झालं तर," सर घाईने म्हणाले. त्यांना आपल्या फोडीचा पस्तावा झाला होता. "तोंड उतरलं नाही, म्हणजे शिवी नाही. तुमचं मेली हे स्लँग आहे वहिनी. शुद्ध स्लँग."

घरी येताच चांगुणाबाईंनी नवऱ्याला तोच प्रश्न टाकला. पुंजाराम जीपच्या चाकाशी वाकले होते. "तू मेल्या म्हनली न्हाई, की मला धाकधूक व्हती," ते म्हणाले. "आज काय बिनसलं म्हनून."

जीव निम्मा भांड्यात पडला. आता एक माणूस राहिलं होतं. पूजा कानातलं यंत्र काढून चहा घ्यायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा चांगुणाबाईंनी विचारलं, "पूजा, मी तुला कधी मेली म्हनले का?"

पूजाने कप ओट्यावर ठेवला. 

"एकदा. आले त्या दिवशी. मी बॅग उचलत होते. तुम्ही म्हणालात, अगं मेले, ठेव ती."

"आन् तुझं तोंड उतरलं?"

"जाऊ दे ना आई."

"खरं सांग."

"मी बाथरूममध्ये जाऊन रडले," पूजा म्हणाली. "आमच्या घरी कुणी असं बोलत नाही. मग आईला फोन केला राहात्याला. आई म्हणाली, हसून म्हणाल्या की रागाने? मी म्हटलं, माझी पाठ होती, मला दिसलं नाही." तिने घाईने वर बघितलं. "आता तसं नाही वाटत मला. तुम्ही मांजरालाही म्हणता, तेव्हा कळलं."

पुंजाराम दारात हात पुसत उभे होते. त्यांना एवढं मौन पुरे झालं. "आन् ती तुझ्या शिटांपायी चार दीस उपाशी हाय, ते कळलं का?"

मग सगळंच बाहेर आलं. नेम, लंकाबाई, बुधवार, भंडारदरा. पूजाचा चेहरा पांढरा पडत गेला. "म्हणजे मी रोज... आणि तुम्ही रोज... ओ शि—" म्हणून तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. पुंजारामांना हसू फुटलं, आणि ते बघून पूजा रडता रडता हसायला लागली. चांगुणाबाईंनी तिचे डोळे पदराने पुसले, आणि त्या देवघरासमोर जाऊन बसल्या.

संध्याकाळपर्यंत घरात त्यांची समजूत घालणाऱ्यांची रांग लागली. अजीज सर काठी टेकत आले. "न कळत घडलं त्याला पाप म्हणत नाहीत, वहिनी. तुमच्यात नाही, आमच्यातही नाही."

"पाप कुटं म्हनतेय मी? नेम मोडला म्हनते. तुमीच सांगितलं, तोंड उतरलं की शिवी."

"मी व्याकरण सांगितलं हो!"

"ब्येस सांगितलं."

पुंजाराम काकुळतीला आले. "आगं, बाराच दीस राहिलं. लंकाबाई बघाया येनार हाय का? अकरा मेहुनं सांगून बसलोय मी!"

"जेवाया घालाया नेम लागत न्हाई, भूक लागती. ती आसतीच लोकांना. उद्यापन म्हनू नका, दत्ताचा परसाद म्हना." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "लंकाबाईनं सांगितलं हुतं, का दिली ते इचारायचं न्हाई. दुसऱ्याला न्हाई इचारायचं, मंग सोताला कसं इचारू? बारा वर्सं पुन्ना."

"तवर तू एकोणसत्तरची व्हशील."

"नेम न्हाई धरला तरी व्हईनच की."

 पूजा शेजारी येऊन बसली. "आई, माझं तोंड आता उतरलेलं नाही. बघा तरी. मी माझं मागे घेते."

चांगुणाबाईंनी बघितलं. खरंच नव्हतं उतरलेलं. "तुझं चढलं, बाई. पर तुझ्या आईचं?"

पूजाची नजर हातातल्या मोबाईलकडे गेली.

"त्या परसादाला येनार हायेत ना?"

"गुडघा दुखतोय म्हणाली."

"कवापासनं दुखतोय?"

"मी इकडे आले तेव्हापासून," पूजा हळूच म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्याच ते ध्यानात आलं.

लेकीच्या पहिल्याच दिवशी तिच्या मरणाचा शब्द ऐकलेली आई. तिलाही कुणाची पाठ, कुणाचं तोंड, काही दिसलं नव्हतं. नुसता शब्द फोनमधून गेला होता, तो दोन आठवडे तिथेच बसून होता.

"मी जाऊन सांगते त्यास्नी," चांगुणाबाई म्हणाल्या.

"आत्ता फोन लावते ना मी. व्हिडिओ कॉल करू, तुमचं तोंड दिसेल तिला."

"त्यात मान्सं तोंड नीट करून बसत्यात. शबूद देते तुला, उद्या त्यांच्या दारात जाऊन सांगीन."

"गुडघा नसला दुखत तर काय सांगशील?" पुंजारामांनी विचारलं.

"दुखत आसला तर त्याल चोळीन. नसला दुखत तर खरं सांगीन."

सकाळी पुंजाराम मागच्या अंगणात जीप धूत होते. मी नेतो, म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं होतं. पण चांगुणाबाईंना वाटलं, माफी मागायला वाजत-गाजत कशाला जायचं. त्यांनी देवपूजा आटोपली, देवापुढे हात जोडून पहिल्या दिवसाचा पहिला उपास सांगितला. पिशवीत नारळ घातला, खण घातला, आणि थोडा विचार करून तिळाच्या तेलाची बाटलीही घातली. आत पूजाची मीटिंग सुरू झाली होती. आज ती फार जपून बोलत होती, प्रत्येक शब्दाआधी थांबत होती. पलीकडचे लोक तिला बरं वाटत नाही का, असं पुन्हा पुन्हा विचारत होते.

चांगुणाबाईंना दारातून जाताना बघून तिने उठायला केलं. त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं. चपला हातात घेतल्या, आवाज होऊ नये म्हणून उंबऱ्याबाहेर जाऊन पायात घातल्या, आणि राहात्याला जायला श्रीरामपूरची गाडी जिथे थांबते, त्या दिशेने चालू लागल्या.